पनवेलहून बोरघाटाकडे : एका दिवसाची लेणीयात्रा आणि तिचा इतिहास

पावसाळा ओसरला की पनवेल, नवी मुंबई व मुंबई परिसरातील अनेक उपासक-उपासिका आम्हांस एकच प्रश्न विचारतात. रविवारी सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा बेताने सह्याद्रीतील कोणती लेणी पाहावीत? प्रश्न वरकरणी सोयीचा आहे. कोणती गाडी, कोठे न्याहारी, किती चढण, एवढ्यावर त्याचे उत्तर देता येईल. परंतु सहलीचा बेत हीदेखील इतिहासाची एक सामग्री असते, असे आमचे मत आहे. डोंगराकडे कोण निघाले, कोणत्या वाटेने निघाले, कोठे थांबले आणि थांबलेल्या ठिकाणी त्यांना पाणी कोणी दिले, या चार प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. प्रस्तुत लेखात हा बदल पाहून, त्याच्याच आधारे एका दिवसाच्या लेणीयात्रेचा क्रम सुचविण्याचा हेतू आहे.

पनवेल : डोंगराचा उंबरठा

पनवेलच्या एका अंगास खाडी आहे आणि दुसऱ्या अंगास डोंगर. कर्नाळा, प्रबळगड, माथेरानचे पठार आणि पुढे खोपोलीवरून चढणारा बोरघाट ही सर्व रांग येथून फार दूर नाही. लोहमार्ग नव्हता तेव्हा मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत असे आणि तेथून खुष्कीच्या मार्गाने खोपोली गाठून घाट चढत असे. मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका इ. स. १८०९ च्या डिसेंबरात याच वाटेने कार्ल्यास गेली. तिचे प्रवासवृत्त १८१२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी प्रवासाचा बेत भरती-ओहोटीच्या वेळेवर ठरत असे, कारण खाडीत पुरेसे पाणी असल्याशिवाय होडी धक्क्याला लागत नसे.

पुढे १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८५२ साली पनवेल येथे नगरपालिका स्थापन झाली. १८६३ साली घाटातील लोहमार्ग सुरू झाला. तो बांधताना अपघातांनी आणि पटकीसारख्या रोगांनी मजूर मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. डोंगराची हवा खाण्यास जाणाऱ्या प्रवाशांनी त्यांची आठवण क्वचितच ठेवली. लोहमार्ग कर्जतवरून गेल्याने पनवेलचे जुने महत्त्व काही काळ मंदावले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि त्याचा आरंभ पनवेललगतच्या कळंबोलीपासून होत असल्याने डोंगराचा उंबरठा पुन्हा पनवेलकडे आला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू झाल्यावर मुंबई बेटाचे माणूस पुन्हा एकदा समुद्र ओलांडून याच बाजूस उतरू लागले आहे. फरक एवढाच की आता भरतीची वाट पाहावी लागत नाही, घाटातील वाहनांची रांग मात्र पाहावी लागते.

हा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास झाला. परंतु इंग्रजांनी ही वाट शोधली नाही. कोकणातील कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून देशावर जाणारा माल सह्याद्रीतील घाटवाटांनी जात असे, आणि अशा वाटांच्या दोन्ही तोंडांशी बौद्ध लेणी आहेत. घाटाखाली कर्जतजवळ कोंडाणे, घाटमाथ्यावर भाजे, कार्ले व बेडसे, ही मांडणी योगायोगाची नाही. लेणी म्हणजे जगापासून पळून गेलेल्या माणसांनी निबिड अरण्यात खोदलेल्या गुहा, ही समजूत अद्यापही आपल्यातील अनेकांच्या मनात आहे. ‘पांडवांनी एका रात्रीत खोदली’ या लोककथेने तर खोदणाऱ्यांचे, दान देणाऱ्यांचे आणि राहणाऱ्यांचे नावच पुसून टाकले. प्रत्यक्षात लेणी रस्त्याजवळ आहेत. रस्त्यापासून थोडी दूर, थोडी उंच. म्हणजे भिक्खूला ध्यानास शांतता मिळावी आणि पिंडपातास गावही गाठता यावे. विनयपिटकात भिक्खूंच्या निवासासाठी अनुज्ञा दिलेल्या पाच प्रकारच्या ‘लेणां’त गुहेचाही समावेश आहे. ‘लेण’ या पालि शब्दाचा अर्थ आश्रयस्थान असा आहे, आणि निब्बाणाच्या पर्यायी नावांतही तो येतो. आपण आज ‘लेणी पाहायला जाऊ’ असे म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा उच्चारत असतो.

पोढी

या लेण्यांत प्रवेश करताच बहुतेकांची नजर चैत्यगृहाकडे जाते. आम्ही सुचवू की प्रथम पाण्याचे टाके शोधावे. शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे. भाजे येथे एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत याचा दानलेख आहे. पोढी हे त्याचे ‘देयधम’, म्हणजे धम्मदान होते. बेडसे येथील एका टाक्यावर सामडिनिका या स्त्रीचे नाव आहे. ती महाभोज घराण्यातील कन्या, महारठिनी आणि आपदेवणक याची पत्नी होती. या दोघांना भव्य स्तंभ किंवा मूर्ती कोरविता आली नसती काय? आली असती. परंतु त्यांनी पाणी दिले. डोंगरावर राहणाऱ्या भिक्खुसंघास आठ महिने जगविणारी वस्तू कोणती, हे दात्यास ठाऊक होते. पावसाचे पाणी कड्यावरून पन्हळीने टाक्यात आणावे, खडकाच्या पोटात ते गार आणि निर्मळ राहावे, ही योजना करणारे पाथरवट कोणत्या नावाचे होते हे लेख सांगत नाहीत. त्यांचे काम मात्र अद्याप डोळ्यांसमोर आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात आगंतुक भिक्खूने विहारात आल्यावर कसे वागावे याचे नियम आहेत. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते, हे त्याने विचारून घ्यावे असे तेथे सांगितले आहे. निवासी भिक्खूनेही आलेल्यास पाण्याबद्दल विचारावे. येथे प्रश्न पाण्याच्या उपयोगाचा आहे. येणारा कोणत्या कुळातून प्रव्रजित झाला याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही बाब साधी वाटेल. पुढील काळाचा इतिहास पाहिला की ती साधी राहत नाही.

इ. स. १९३४ ची सहल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वानुभवाच्या लिखाणात एका सहलीची हकिकत लिहून ठेवली आहे. हे लिखाण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. १९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांबरोबर प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी बेतात असलीच पाहिजेत, असे ठरले. सुमारे तीस जणांची मंडळी जमली. या बेतातील एक कलम आजच्या वाचकाने थांबून वाचावे. वाटेत अपमान होऊ नये म्हणून मंडळींनी आपली ओळख न देता प्रवास करावयाचा आणि मुक्कामाच्या ठरलेल्या ठिकाणीच ओळख द्यावयाची, असे ठरविले होते. इतरांच्या सहलीत शिदोरी, वाहन आणि वेळ यांचा विचार होतो. या सहलीत नाव लपविण्याचाही विचार करावा लागला.

निजामाच्या राज्यातील दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले एक टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय व तोंड धुतले. किल्ल्यात प्रवेश करण्याच्या वेळी एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले आणि ‘धेडांनी’ टाके बाटविले म्हणून त्यांनी सर्वांस शिव्या दिल्या. लवकरच गर्दी जमली. अखेरीस आत कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही या अटीवर मंडळींस किल्ला पाहू दिला आणि लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत दिला. हिंदूस जो अस्पृश्य तो मुसलमानासही अस्पृश्यच, हे यावरून दिसते, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला आहे.

हे घडले त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्याले होते. त्याहीपूर्वी, १९२३ साली, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. ठराव होऊनही पाणी मिळाले नाही, म्हणून महाड घडले. महाड घडूनही पाण्यावरचा पहारा उठला नाही, हे दौलताबादने दाखविले.

आता भाजे-बेडशाच्या पोढीकडे पुन्हा पाहावे. डोंगरात कोरलेली ती टाकी म्हणजे केवळ जलव्यवस्थेचा नमुना नव्हे. ज्या भूमीत एका महारठिनीने पाण्याचे टाके धम्मदान म्हणून दिले, त्याच भूमीत पुढे शतकानुशतके माणसांच्या हातातील लोटा दुरूनच भरला गेला. या दोन गोष्टींमध्ये जे घडले तोच आपल्या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. लेण्यांतून संघ नाहीसा झाला, दानलेखांची लिपी वाचणारे उरले नाहीत, आणि त्यांबरोबर ती वृत्तीही लोपली. म्हणून लेणीयात्रेत मुलांना टाके दाखवावे, त्यावरील नाव वाचून दाखवावे, आणि त्यानंतर १९२७ व १९३४ ही दोन साले सांगावीत.

कोणत्या ऋतूत जावे

सध्या मुंबई-पनवेलकडील लोक डोंगरावर जातात ते मुख्यतः पावसाळ्यात. धबधबे, धुके आणि हिरवळ यांचे आकर्षण आम्हांस समजते. तथापि याविषयी विनयाचा दाखला उद्बोधक आहे. महावग्गात वर्षावासाचे मूळ सांगितले आहे. भिक्खू पावसातही चारिका करीत, कोवळे गवत तुडवीत आणि अनेक सूक्ष्म जीव मारीत, अशी लोकांनी तक्रार केली. पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात राहतात, असे लोक म्हणाले. त्यावरून भगवंतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. आषाढ पौर्णिमेनंतर तीन मास भिक्खूने एका ठिकाणी राहावयाचे आणि शेवटी पवारणा करावयाची. सह्याद्रीतील लेणी ही प्राधान्याने या तीन महिन्यांची घरे होत. कार्ले येथे उषवदात याने करजिक हे गाव दिले ते वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारी दिशांच्या संघातील प्रव्रजितांच्या निर्वाहासाठीच. वलूरक हे कार्ल्याचे प्राचीन नाव. म्हणजे ज्या दिवसांत भिक्खू पाय आवरीत असे, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्या घरावर झुंडीने चढतो.

हा केवळ श्रद्धेचा मुद्दा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात ईर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गाडली गेली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पावसात हे डोंगर धोकादायक होतात, हे डोंगरात राहणाऱ्यास ठाऊक असते, पाहुण्यास नसते. आमच्या मते लेणीयात्रेचा योग्य काळ आश्विन पौर्णिमेच्या पवारणेनंतर सुरू होतो आणि माघ-फाल्गुनापर्यंत राहतो. टाक्यांत पाणी असते, कडा कोरडा असतो, उन्हाचा त्रास नसतो.

एका दिवसाचा क्रम

एका दिवसात भाजे, कार्ले आणि बेडसे ही तिन्ही पाहण्याचा बेत अनेकजण करतात. पाय चालतील, पण मन थकेल. आम्ही दोनच निवडण्यास सांगतो, आणि ती सूर्याच्या गतीप्रमाणे निवडावीत.

स्वतःचे वाहन असल्यास पनवेल पहाटे सोडावे, घाट गर्दीपूर्वी चढावा आणि कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याने प्रथम बेडसे गाठावे. बेडशाचे चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे. सकाळचे ऊन उंच स्तंभांच्या व्हरांड्यातून थेट आत जाते, आणि स्तंभशीर्षांवरील पशू व आरूढ युगुले त्या प्रकाशात स्पष्ट दिसतात. येथेच एका लहान स्तूपाजवळ गोभूती या भिक्खूचे नाव आढळते. तो अरण्यात राहणारा, पिंडपातावर जगणारा आणि मारकूड डोंगराचा निवासी होता; त्याच्या शिष्याने, आसाळमिताने, हा स्तूप करविला. दुसऱ्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याचे दान नोंदले आहे. अरण्यवासी भिक्खू आणि नाशिकचा व्यापारी एकाच डोंगरावर भेटतात, हे बेडशाचे वैशिष्ट्य. दुपारी कार्ल्यास यावे.

लोहमार्गाने जाणाऱ्यांनी लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने मळवलीस उतरावे. स्थानकाच्या एका बाजूस भाजे, दुसऱ्या बाजूस कार्ले. भाजे पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी कड्याच्या सावलीत चढता येते, म्हणून ते आधी घ्यावे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील हे चैत्यगृह आत किंचित कललेल्या खांबांमुळे लाकडी बांधकामाची आठवण देते. बाजूस एकत्रित असलेल्या चौदा स्तूपांपाशी अवश्य थांबावे. भदंत अंपिकिणक, भदंत धमगिरी, भदंत संघदिन अशा थेरांची नावे त्यांवर आहेत. हे त्या विहाराचे पूर्वज होत. दक्षिणेकडील विहारातील रथारूढ व गजारूढ आकृतींस कोणी सूर्य व इंद्र म्हणतात, तर कोणी त्यांत मांधाता राजाची कथा पाहतात. मांधाता जातकपालिसाहित्यातही आहे, तेव्हा मुलांना दोन्ही मते सांगावीत.

कार्ले मात्र दोन्ही बेतांत दुपारनंतरच पाहावे. ते पश्चिमाभिमुख आहे. कलता सूर्य मोठ्या कमानीतून आत शिरला की सुमारे १२४ फूट लांबीचे ते सभागृह शेवटच्या स्तूपापर्यंत उजळते. वरच्या लाकडी फासळ्या प्राचीन आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे ‘सेलघर’ पूर्ण केले आणि जंबुद्वीपात ते उत्तम असल्याचे अभिमानाने कोरविले. परंतु श्रेष्ठींच्या नावापाशी थांबू नये. धेनुकाकट येथील सामी नावाचा सुतार, तेथीलच सिंहदत नावाचा गंधिक, त्याच गावचे अनेक यवन, सोपाऱ्याचा भाणक सातिमित आणि भिक्खुणी यांचीही दाने येथे आहेत. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. सुताराचे नाव श्रेष्ठीच्या आणि महारठीच्या नावांबरोबर एकाच दर्शनी भिंतीच्या परिसरात कोरले जावे, ही गोष्ट भारतीय समाजाच्या इतिहासात पुढे दुर्मीळ झाली. पुढे सातवाहन राजवटीने करजक गाव महासांघिक भिक्खूंस दिल्याचा आदेशही येथे आहे. तो मामाड, म्हणजे मावळच्या अमात्यास उद्देशून आहे.

चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. तेथे मूळ दुसरा सिंहस्तंभ असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. या विषयावर आपल्या तरुणांत संताप असतो. इतिहास ठामपणे सांगावा, त्यात संकोच नको. मात्र दर्शनास येणारे आगरी व कोळी बांधव हे पनवेल-उरणपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्याचे कष्टकरी लोक आहेत. त्यांच्याच किनाऱ्यावरून एके काळी दाते हा डोंगर चढत होते. पायरीवर वाद घालण्यापेक्षा त्यांस लेख वाचून दाखविणे अधिक फलदायी होईल. ही तिन्ही लेणी राष्ट्रीय संरक्षित स्मारके आहेत. भिंतींस खडू वा तेल लावू नये, शिल्पांवर मेणबत्त्या ठेवू नयेत, वंदना शांतपणे म्हणावी आणि शिदोरीचा कचरा परत न्यावा.

ज्यांस आणखी दोन तास काढता येतील त्यांनी परतण्यापूर्वी त्याच लोहमार्गावरील देहूरोड येथे उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कार्ल्यातील शेवटच्या दानलेखानंतर अनेक शतकांनी मावळात पुन्हा एक विहार उभा राहिला, तो हा.

सहल आणि संवेग

महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावंताने पाहण्यायोग्य चार स्थाने सांगितली आहेत, आणि ती ‘संवेजनीय’ म्हणजे संवेग उत्पन्न करणारी आहेत असे म्हटले आहे. संवेग म्हणजे मनास जाग आणणारा हादरा. सह्याद्रीतील लेणी त्या चार स्थानांत येत नाहीत, परंतु आपल्यापुरता संवेग त्यांच्यातही आहे. मौजेस आमचा विरोध नाही. महाकस्सपांसारख्या कठोर धुतांगधारी थेरांच्या गाथांतही डोंगरांचे प्रेम दिसते. एवढेच म्हणावयाचे की बेत आखताना वाहन आणि शिदोरी यांबरोबर एक वही घ्यावी. त्या दिवशी पाहिलेल्या दोन टाक्यांवरील दात्यांची नावे मुलांनी स्वतःच्या अक्षरांत त्या वहीत लिहून आणावीत. आपल्या आधीच्या एका पिढीस बौद्ध लेणी पाहण्यास जाताना स्वतःचे नाव लपवावे लागले होते. आज ते लपवावे लागत नाही, म्हणून दुसऱ्याचे विसरलेले नाव वाचण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.